दांड्यावरची लाल चिंधी

प्रिय बारक्या,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. नाहीतर आज तुझ्यासाठी जे शब्द तोंडात येताहेत ते पोस्टमनच्या हाती देण्यासारखे नाहीत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

आपली शिडाची होडी तू विकलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाबांचे गुडघे गेले, तू नोकरीसाठी तिकडे गेलास, मला वर्कशॉपमधून उसंत नाही. धक्क्याला बांधून कुजवण्यापेक्षा कुणी फिरवलेली बरी. घेणारी शाळेत शिकवते आणि तिला एक लहान मुलगी आहे, एवढंच तू सांगितलं होतंस. तर परवा ती बाई होडी घेऊन माझ्याच दारात आली. मी तुझी बहीण हे तिला ठाऊक नव्हतं, पण आपल्या बंदरात लेथ असलेलं दुसरं दुकान आहेच कुठे? सुकाणू वळवताना जड लागतं, जरा तेल घालून द्या, म्हणाली. रविवारी मुलीला घेऊन दीपस्तंभाच्या पलीकडे जायचंय.

जड म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपली होडी जड कधीच नव्हती रे, ती खडखडायची. मागच्या फळीवरच्या कड्या आणि सुकाणूच्या खुंट्या एकमेकींवर घासून इतक्या झिजल्या होत्या की लाट आली की दाराच्या सैल बिजागरीसारखा आवाज यायचा. बाबा त्या आवाजाला होडीचं कुरकुरणं म्हणायचे आणि कुरकुरणाऱ्याचं ऐकून घ्यावं म्हणायचे. आता आवाज नाही. मी सुकाणू उतरवलं. वरून नवा रंग, मापात, एक ओघळ नाही. आतून कडीत डब्याच्या पत्र्याची घडी घातलेली आणि वर बोटभर ग्रीस. घडी निसटू नये म्हणून तिचा कान बाहेर दुमडलेला, अगदी बाबांनी त्यांच्या बाकावर आपल्या दोघांना शिकवला तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय दिवे लावलेस!

पत्रा घालणं हा गुन्हा नव्हे. भर पाण्यात सुकाणू सैल झालं तर घरापर्यंत यायला बाबाही घालायचेच. पण पत्रा कडीत जायच्या आधी सुकाणूच्या दांड्याला लाल चिंधी बांधली जायची. खाली पत्रा तर वर चिंधी. म्हणजे दांडा हातात घेणाऱ्याला कळावं की लांब जायचं नाही, काम राहिलंय. काकांनी एकदा नुसत्या एका फेरीसाठी होडी मागितली, तर बाबांनी चिंधीकडे बोट दाखवून सख्ख्या भावाला परत पाठवलं होतं. काका महिनाभर बोलले नाहीत. आणि तू पतंगाच्या शेपटीसाठी ती सोडून नेलीस तेव्हाचं आठवतं? बाबांनी हात उचलला नाही. तुला होडीत बसवून म्हणाले, ज्याने पत्रा घातला, त्यानेच नीट काम करून चिंधी सोडायची, बाकी कुणी नाही. तू रडत रडत ती परत बांधलीस. तेव्हा कळलं होतं तुला. मग मोठेपणी काय झालं?

कारण चिंधी तू बांधली होतीस, बारक्या. बसायच्या फळीखालच्या खणात सापडली मला, गाठीच्या वळ्या अजून तशाच. म्हणजे आधी बांधलीस, मग गिऱ्हाईक यायचं म्हणून सोडलीस. फेकून द्यायचीही छाती झाली नाही तुझी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच ना? खालची खुंटी मी वाइसच्या जबड्यात आवळून जरा वाकवली, तर काडीसारखी मोडली. बंदराच्या शांत पाण्यात ती टिकली असती. दीपस्तंभाच्या पलीकडे पहिल्या मोठ्या लाटेला सुकाणू निसटलं असतं, आणि होडीत ती पोर. तुझी पोर असती तर पत्रा घातला असतास? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

आणि पोर एकटी नसती. ती बाई रीतभात जाणणारी आहे. ज्यांची होडी त्यांचाच हात पहिला, असं म्हणून तिने बाबांना रविवारी दांड्यावर बसायला बोलावलंय. बाबांनी तेव्हापासून टोपी धुऊन भिंतीवर खुंटीला लावली आहे. तुला हे माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. पण तेवढ्याने माझा राग कमी होत नाही.

काम मी केलं. कड्यांची भोकं मोठी करून आत गनमेटलची बुशं, म्हणजे नव्या नळ्याच, ठोकल्या, नव्या खुंट्या केल्या, खालची वरचीपेक्षा थोडी लांब ठेवली म्हणजे पाण्यात बसवताना आधी ती सापडते. कड्यांचे मागच्या फळीतले बोल्टही हलत होते, तेही नव्याने बसवले. आता दांडा एका बोटाने फिरतो. बाईला मी सगळं सांगितलं, मी कोण तेही सांगितलं. ती आभार मानून गेली. त्या आभारांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना मात्र सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

काल ते काठी टेकत वर्कशॉपमध्ये आलेच. दांडा हलवून पाहिला, खूश झाले. मग बाकावरची मोडकी खुंटी दिसली आणि शेजारची पत्र्याची घडी. घडी उचलून त्यांनी तिच्या कानावरून अंगठा फिरवला. कुणी घातली, हे विचारलं नाही. चिंधी कुठे होती, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती मागून घेतली आणि स्वतः दांड्याला बांधली, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी बाई होडी न्यायला आली. चिंधी पाहून तिने विचारलं, अजून काही राहिलंय का?

"होडीचं काम झालंय," बाबा म्हणाले. "आमचं राहिलंय. माझा मुलगा येऊन ही सोडेल, मग न्या."

बाई बरं म्हणून रिकाम्या हाताने परत गेली. रविवारी सकाळी ती मुलीला घेऊन येणार आहे, बाबा टोपी घालून बसणार आहेत, आणि होडी धक्क्याला असेल. मी ती गाठ सोडणार नाही. बाबांनी सांगितलं तरी नाही. येताना तोंडाने काय बोलायचं ते बसमध्ये ठरव. पहिलं बाईशी बोल, मग बाबांशी, माझा नंबर शेवटी.

तुझीच,
राग न गेलेली ताई