सखूबाईची सीताफळं

आश्विन वद्य तृतीया, बीड

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी दुकानात कापड मोजत होतो, तेवढ्यात सखूबाई माझ्यासाठी टोपलंभर सीताफळं घेऊन आली. "नातवाचा अंगरखा आखूड झाला. शिंप्यानं कापड चोरलं, लई भांडले त्याच्याशी. तुझं माप मातर सच्चं हाय, लेकरा."

शेठ गरजले, "परत दे ती सीताफळं! गिऱ्हाइकाचं फुकट खाणं बेइमानी हाय बे!"

बेइमानी? 'कापड गजावर ताणून मोज, दोन बोटं वाचतात,' हे मला शिकवलं कुणी? याच हरामखोरानं! आणि सखूबाईचं कापड ताणलं कुणी? मी.

तरी तोंड उघडलं का? नाही. सीताफळांचं टोपलं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. जाताना म्हातारी म्हणाली, "त्या शिंप्याला मी सोडणार न्हाई."