हाकेला ओ

३ मार्च, सोमवार
आजपासून नोकरी! दुरुस्तीचं दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं. पण टेबलाशी खिडकी आहे आणि उजेड भरपूर. मालकांना सगळे रेडिओकाका म्हणतात. दुकानात रेडिओ एकही नाही, काकाच बंद होत नाहीत. माझं गाव कुठलं ते त्यांनी मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. मागची खोली मला राहायला मिळालीय. संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा प्रश्न एकच, वेळेवर जेवतेस ना?

५ मार्च, बुधवार
एक बाई हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन आल्या. आवाज येत नाही म्हणाल्या. सोबत त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. कुठला खेळ आवडतो, असं मी तिला विचारलं तर नुसती बघत राहिली. बाईंनी हळूच सांगितलं, पोर हल्ली बोलतच नाही. घशात काही दोष नाही म्हणतात डॉक्टर. मुका गेम कानाला लावून बसते दिवसभर.
उघडून पाहिला. हेडफोनच्या भोकात कचरा ठासलेला, त्यामुळे गेमला वाटायचं हेडफोन लावलेलाच आहे. स्पीकरचा पडदाही फाटला होता. भोक साफ केलं, स्पीकर बदलला. अगदी सोपं काम.

६ मार्च, गुरुवार
सकाळी गेम सुरू केला. आधी टुणटुण, मग एका लहान मुलीचा आवाज, अगदी स्वच्छ: "कुणी आहे का?"
खेळातलंच काहीतरी असेल असं मला वाटलं. काका हसून म्हणाले, "आहे की गं बाळा."
दुपारी चहा सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. आम्ही दोघंही हसलो. घसा बसला असेल.
संध्याकाळपर्यंत ते हसायचे थांबले होते.

७ मार्च
आज गेममधून काका बोलले. काका माझ्यासमोर बसलेले, ओठ मिटलेले, आणि टेबलावरून त्यांचा आवाज हवापाण्याच्या गप्पा मारतोय. ते रडायला लागले. आवाज न करता.
बाईंना बोलावून घेतलं. त्यांना आठवलं, त्या दिवशी मुलगी शेजारच्या खोलीत हाच गेम खेळत होती. कुणी हाक मारल्यासारखी ती "काय?" म्हणाली. तो तिचा शेवटचा शब्द.
मी हातोडी उचलली. बाईंनी गेमवर दोन्ही हात ठेवले. "फोडू नका. माझी पोर आहे त्यात." काकांनीही माझं मनगट धरलं.

८ मार्च
बॅटरी काढली. स्पीकर काढला. खणात घालून कुलूप लावलं.
मी कामात मान खाली घालून होते. "पोरी, किल्ली कुठंय गं?" मी सवयीनं "ओ काका" म्हणाले.
काका घरी होते.
आता कळलं. ओ दिली की आवाज जातो. कळून काय उपयोग, मला आता कुणाला सांगताही येत नाही —

९ मार्च
आईचा फोन. उचलला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी तोंड उघडलं, काहीच नाही. बाळा, बरं नाही का तुला, मी उद्याच निघते, म्हणाली.
येऊ नकोस असे मेसेज पाठवले. ती मेसेज उघडतच नाही.
खणातून आज माझा आवाज. हाका मारायचा सराव करतोय. एकच हाक, पुन्हा पुन्हा. आधी चुकत होता. आता —

१० मार्च
स्टँडवर जाऊन तिला गाठणार होते. कुलूप लावायला वळले तर आई रस्त्याच्या पलीकडे. इतक्या लवकर. आत जाऊन दार लावून घेतलं. काचेचं दार.
आता ती पायरीवर. हातवारे करतेय मी. ती हसतेय, मी लाडात आलेय असं वाटतंय तिला.
या वहीच्या पानावर मोठं लिहिलं — ओ देऊ नकोस. काचेला लावलं. ती पिशवीत चष्मा शोधतेय.
सापडत नाहीये.
खणातून — "आई!" माझाच. अगदी माझा. लहानपणी पडले की हाक मारायचे तसा —
आई, नको. चष्मा आधी —
तिनं मान वर केली. माझ्या हाकेला तिनं ओ दिली नाही असं आजवर एकदाही —