मंद इलेक्ट्रॉनांची वाट

३ मार्च
टक्... टक्टक्... टक्! दुपारी डोळा लागला आणि तोच आवाज. खोलीत काही नव्हतं, कानातच. माझं इलेक्ट्रॉन मोजायचं यंत्र अवकाशयानावर चढवण्याआधी बोक्याने त्याला स्पीकर जोडला होता. एक इलेक्ट्रॉन आला की एक टक्. मी त्यात वृत्त शोधायचो! शाळेत मास्तर डस्टर आपटून ठेका शिकवायचे, तसं. "कविराज, यांना ना यती ना गती. नुसते येतात," बोका म्हणायचा. माझा जोडीदार. पावलं न वाजवता मागे येऊन उभा राहायचा, म्हणून बोका.

५ मार्च
केंद्रातून फोन. यानाचे सौरपत्रे थकलेत, वीज पुरत नाही. शुक्रवारी एक यंत्र बंद करणार. कुठलं, ते बोका ठरवणार! निवृत्तीनंतरही त्याला बोलावतात. मला नाही.

६ मार्च
बोक्याशी बिनसलं ते या मंद इलेक्ट्रॉनांवरूनच. मी म्हणालो, हे गुरू ग्रहाकडून येतात. दर तेरा महिन्यांनी ग्रह नीट जागी आला, की वाट मोकळी होते आणि आकडा चढतो. बोका भर सभेत म्हणाला, "चढ कसला! याला दोन ओळी दिसल्या की यमक जुळवावंसं वाटतं. यानाच्याच पत्र्यातून उडतात ते. घरचेच आहेत, आणि हा स्वागताला उभा!" सगळे हसले. तेव्हापासून अबोला.
पुढे चढ कधी सूर्याच्या वादळात बुडाला, कधी यंत्रच गप्प. आता महिनाअखेरपर्यंत आकडा पुन्हा चढायची वेळ आहे. तेवढे दिवस मिळाले तर—
मुलगी म्हणते, "बाबा, काकांना एक फोन करा. बोटं झिजणार आहेत का?"
अर्धा नंबर फिरवला. ठेवून दिला.

८ मार्च, शुक्रवार
बंद. माझंच.

११ मार्च
जुन्या कविता म्हणून पाहिल्या. एकही शेवटापर्यंत आठवेना. मुलगी दोनदा चहा गरम करून गेली.

१४ मार्च
बेल वाजली. पावलं ऐकूच आली नव्हती. दारात बोका! केस गेलेत, पाठ वाकलीय.
"बंद मीच केलं, कविराज. फोनवर सांगवेना." मग खिशातून घडी घातलेला आलेख काढला. "यानात साठलेले शेवटचे आकडे काल उतरले. चढ सुरू झाला होता रे."
मुलीने त्याला आत बसवलंय.
मी चष्मा शोधायला म्हणून इकडे आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.