ओबरलिंडहून न आलेला फोन

ग्रुनाउ,
१४ ऑक्टोबर १९७९

प्रिय एकहार्ट,

तू, इंगबोर्ग आणि छोटी खुशाल असाल असं धरून चालते. छोटीचे पुढचे दात आले का, ते कळव. इकडे सगळं ठीक. यंदा आलुबुखार इतके लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. मुरंबा घालून घालून माझी बोटं अजून जांभळी आहेत. दोन बरण्या तुझ्या नावाच्या ठेवल्यात. मानहाइमला पाठवल्या तर वाटेत फुटतील, म्हणून पाठवत नाही.

ओबरलिंडच्या टोकाकडचे रूळ उखडून नेले. आपल्याकडचे आहेत अजून, मधून बर्चची रोपं उगवलीत. सकाळी खोऱ्यात धुकं भरलं की रूळ पहिल्या वळणाशी त्यात शिरतात आणि दिसेनासे होतात. मग मला वाटतं, पलीकडे गाडी उभी आहे, इंजिन धापा टाकतंय, म्यूलग्रुंडच्या फलाटावर कुणी बाई अंड्यांची टोपली सांभाळत चढते आहे. मी तशीच उभी राहते आणि चुलीवरचं दूध उतू जातं. तू मला स्वप्नाळू म्हणायचास, ते खोटं नाही. पण या मार्गावर वाढलेलं माणूस दुसरं काय होणार? पणजोबांच्या काळी प्रत्येक गावच्या पुढाऱ्याला रेल्वे आपल्याच दारावरून न्यायची होती, आणि नेलीसुद्धा. आजी म्हणायची, आपल्या गाडीनं लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो.

पप्पा बरे आहेत. म्हणजे खातात, पितात. वसंतापासून त्यांनी पुन्हा ड्यूटी सुरू केली आहे. हसू नकोस.

सकाळी दाढी करून, लाल टोपी घालून खाली स्टेशनच्या ऑफिसात जाऊन बसतात. आपल्या मार्गाला सिग्नल नव्हतेच. होते ते पप्पा आणि त्यांचा टेलिफोन. गार्डनं प्रत्येक स्टेशनात उतरून पेटीतल्या फोनवरून विचारायचं, पप्पांनी जा म्हणायचं, मग गाडी हलायची. ते यंत्र तर केव्हाच मुकं झालंय. पप्पा दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे, कुणी विचारत नाही म्हणून कासावीस व्हायचे. मला ते बघवेना. घरचा फोन वायर ओढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ओटमारकाकांना गाठलं.

"जन्मभर इंजिन हाकलं, आणि आता म्हातारपणी मला गार्ड करतेस होय गं?" काका कुरकुरले. पण त्या दिवसापासून दुपारी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून फोन करतात.

"म्यूलग्रुंडला गाडी पोचली. श्टाइनलोखपर्यंत जाऊ का?"

"म्यूलग्रुंडला गाडी पोचली. श्टाइनलोखपर्यंत जा," पप्पा शब्दन् शब्द परत म्हणतात, नियमाप्रमाणे. एकदा तिकडे काकांचं कुत्रं भुंकलं.

"फलाटावर कुत्रं कुणाचं?"

"पाद्रीबुवांचं."

"बांधायला सांगा त्यांना. देवाचं माणूस असलं म्हणून काय झालं?"

मी दाराआड तोंडात ॲप्रन कोंबून हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू. अशा दुपारी ऊन तिरकं आत येतं, पप्पा डोळे मिटून ऐकतात, आणि एकेका स्टेशनाचं नाव घेत ती नसलेली गाडी खोरं चढत जाते. खरं सांगते, मीसुद्धा तिच्यात बसून जाते.

उर्शेलमावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चर्चचं छप्पर नवं करताहेत. आणखी काय लिहू?

एकहार्ट, मी दोन पानं आलुबुखारांवर आणि धुक्यावर घालवली. आता मुद्द्याचं लिहिते.

पप्पा खुर्चीवरून उठत नाहीत. दोन आठवडे झाले. झोपतात तेही तिथेच, मान कलती टाकून. पाय सुजून बूट चढेनासे झालेत. डॉक्टर क्ल्यूगे म्हणाले, हृदय थकलंय, त्यांना पलंगावर आडवं करा, नाहीतर खुर्चीतच संपतील. मी आणि काकांनी उचलायला पाहिलं, तर टेबल धरून बसले. म्हणाले, "लाइनीवर गाडी असताना मी जागा सोडू?"

"कुठली गाडी, पप्पा? ओटमारकाकांची पोचली की."

"एकहार्टची."

मार्ग बंद झाला त्या शेवटच्या दिवसाची ती गाडी. इंजिनाला हार घातला होता, बँड होता, सगळं खोरं डब्यांतून लोंबकळत होतं. गार्ड तू होतास आणि दुसऱ्या दिवसापासून रेल्वेच्याच बसवर रुजू होणार होतास, त्याच रस्त्यानं, त्याच प्रवाशांना घेऊन. सकाळी याच ऑफिसात पप्पा तुला काय बोलले, ते मी ऐकलं होतं: "बस हाकायची तर हाक. माझ्याशी फोनवरसुद्धा बोलू नकोस." मधल्या स्टेशनांतून तू परवानगी मागितलीस, तुला मागावीच लागली. पण ओबरलिंडला पोचल्यावर फोन करायचा तेवढा केला नाहीस. टोपी सीटवर ठेवून बसनं निघून गेलास. ओटमारकाकांनी कळवलं की गाडी सुखरूप पोचली. पप्पा म्हणाले, "ड्रायव्हरनं नाही, गार्डनं कळवायचं असतं."

तुझा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. चूक त्यांची होती. पण ते तेव्हापासून थांबलेत रे.

काकांनी परवा तुझा आवाज काढून पाहिला. पप्पांनी निमूट ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ओटमार, पुरे कर ही नाटकं. तुझी कॉफी निवते आहे." म्हणजे त्यांना काय कळतं आणि काय कळत नाही, देव जाणे.

मी तुला ये म्हणत नाही. माफी मागायलाही सांगत नाही. फक्त फोन कर. दुपारी, काकांच्या वेळेला. काय बोलायचं ते तुला माहीत आहे.

तुझी,
हेडविग

* * *

ग्रुनाउ,
३० ऑक्टोबर १९७९

प्रिय एकहार्ट,

तू फोन केलास आणि मध्येच तो बंद झाला. तुला वाटलं असेल, पप्पांनी आपटला. काल इंगबोर्ग मला फोनवर म्हणाली की तू तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलत नाहीस, फोनवरही यायला तयार नाहीस. म्हणून घाईनं लिहिते आहे. मी तिथेच उभी होते. काय झालं ते ऐक.

तू म्हणालास, "ओबरलिंडला गाडी पोचली. सगळे सुखरूप उतरले." तुझा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. पप्पा परत म्हणायला लागले: "ओबरलिंडला गाडी..." आणि पुढे त्यांना म्हणता येईना. ओठ हलत होते. रिसीव्हर हातातून सुटून टेबलावरून खाली घरंगळला आणि त्या ओढाताणीत वायर निसटली. मी ती खोचेपर्यंत तू गेला होतास.

मग पप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मला म्हणाले, "चल." माझ्या खांद्यावर भार टाकून स्वतः जिना चढले, मध्ये दोनदा थांबले. पलंगावर पडल्या पडल्या झोपले, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून पांघरुणावर येईपर्यंत. मी उशाशी बसून होते. लहानपणी आपण स्टेशनातल्या बाकावर झोपायचो, तेव्हा आपला दिसायचा तसा त्यांचा चेहरा होता.

जागे झाले ते एकदम स्वच्छ. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"हेडी, गाडी बंद झाली ना गं आपली?"

"हो, पप्पा."

"पुष्कळ वर्षं झाली?"

"झाली."

बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, पुन्हा गेले धुक्यात. मग म्हणाले, "मग पोरगा यायचा कसा?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"बसनं येऊ दे," ते म्हणाले. "लिही त्याला. म्हणावं, बसनं ये, मी काही बोलणार नाही."

एकहार्ट, आज ते जास्त वेळ झोपूनच आहेत. डॉक्टर क्ल्यूगे सकाळी येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, रविवारपर्यंत काढतील या भरवशावर राहू नका. पत्र मिळताच निघ. छोटीला आण, तिला पाहिलेलं नाही त्यांनी.

आणि दारातून आत येताना बिचकू नकोस. त्यांनी तुझं नाव घेऊन उशी सरकवली आहे, तुला बसायला जागा व्हावी म्हणून.

तुझी वाट पाहणारी,
हेडविग