टेकडीवरचे दगड जागच्या जागी आहेत

मी, अल्बीना व्होन्द्राचेक, लाडिस्लावची विधवा, वय वर्षे सत्त्याऐंशी, राहणार लीपा, राज्य नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची सही लागत नाही असं वकिलीणबाई म्हणाल्या. शाळा सहावीपर्यंत, पुढे मक्याची कणसं मोडायला घरी ठेवलं. तेव्हा शुद्धलेखन पाहू नये, मतलब पाहावा.

एक. हंसाच्या पिसांच्या दोन्ही रजया नात जोलीनला. ती पिसं मी आणि शेजारच्या अ‍ॅग्नेसने एका हिवाळ्यात काडीवरून सोलली. अ‍ॅग्नेस शिंकली की सगळं घर पांढरं, आणि आम्ही दोघी हसून आडव्या. जोलीन, मशीनमध्ये धुवू नकोस. धुतलीस तर मी जिथे असेन तिथून मला कळेल.

दोन. सॉसेज भरायचं यंत्र चर्चच्या बायकांना. फक्त व्हर्ना सोडून. तिने माझ्या कोलाच्यांना, खसखस भरलेल्या गोड पावांना, सगळ्यांदेखत ‘जरा कोरडे’ म्हटलं होतं. चौदा वर्षं झाली, म्हणून काय झालं?

तीन. उत्तरेची टेकडी, एकशेसाठ एकर गवत. ही मी कोणाला देऊ शकत नाही. सहा वर्षांपूर्वीच ती माझा एकुलता मुलगा रेमंड याच्या नावावर केली. कागदात अट घातली नाही. स्वयंपाकघरात माझा हात धरून तो म्हणाला, “आई, गवत आहे तसं राहील. नांगर नाही, डांबर नाही.” पोटच्या पोराकडून लिहून काय घ्यायचं?

आता कौंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, जमिनींचा नवा नकाशा काढलाय. रेल्वेलगतची जमीन कारखान्यांना, आणि कधीच न नांगरलेलं मूळ गवत राखीव, मग मालक कोणी का असेना. यात मला वावगं दिसत नाही. कामं हवीत, नाहीतर सगळी तरुण मंडळी शहरात जातात. गवतही हवं. टेकडी रेल्वेलगतच आहे; प्रश्न एवढाच, की ती रेषेच्या कुठल्या बाजूला. एक खतकारखाना तिच्यावर डोळा ठेवून आहे. नांगरलेली ठरली तर त्याची, नाही ठरली तर गवताची.

मार्चच्या सुनावणीत रेमंड टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, “आजोबांनी आणि बाबांनी चौतीस साली ती नांगरली होती. दुष्काळ पडला, सोडून दिली. गावाला ठाऊक आहे.” हॉलमधल्या अर्ध्या माना हलल्या. ठाऊक असणारच. लाडिस्लाव पन्नास वर्षं तेच सांगत होता.

ते खोटं होतं. आमच्या चेक लोकांत न फोडलेली जमीन म्हणजे घरच्या पुरुषाची लाज. चर्चच्या हॉलमध्ये पत्ते पिसता पिसता विचारायचे, “काय रे लाडा, टेकडी चढवत नाही ती घोड्यांना की तुझ्या बापाला?” एकदा वैतागून तो बोलून गेला, “चौतीस सालीच नांगरलीय, तुम्हाला काय माहीत!” मग ते परत गिळता येईना.

लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलात त्याने मला पहाटे टेकडीवर रानकोंबड्यांचा नाच दाखवायला नेलं. नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून पाय आपटत होते, थेट लग्नात नाचलेल्या माझ्या मामासारखे. हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, “नांगरलेल्या जमिनीवर हे जुन्या गवतातले पक्षी कसे रे आले?” तेव्हा तो म्हणाला, “बीना, मुठीएवढीही फोडलेली नाही. बाबांना गवतच आवडायचं. कुठे बोलू नकोस.”

नाही बोलले. फक्त रेमंडला सांगितलं, त्याच्या बापाला पुरून आलो त्या दिवशी, बापाची एक गंमत म्हणून. म्हणजे त्याला माहीत होतं. उभा राहिला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तोंड उघडलं असतं तर मेलेल्या नवऱ्याला गावासमोर खोटारडा म्हणावं लागलं असतं. मी ते करणार नाही, याच भरवशावर पोरगा उभा राहिला होता. परत येताना गाडीत म्हणतो, “अगं आई, बाबाच म्हणायचे ना तसं?”

“तो लाजेपायी म्हणायचा. तू कशापायी म्हणालास?”

त्याने रेडिओ लावला.

म्हणून त्या टेकडीतलं जे माझ्याकडे उरलंय, म्हणजे खरं काय ते, मी कौंटीच्या मंडळाला देते. टेकडी चौतीस साली नांगरली नाही. कधीच नाही. पुरावा हवा तर आमच्याकडे जो नांगरतो तो आधी दगड वेचतो आणि कुंपणाशी रचतो. प्रत्येक शेताच्या कडेला असे ढीग आहेत. टेकडीच्या चारही कडा चालून पाहा, एक ढीग सापडणार नाही. गुलाबी दगड गवतात जागच्या जागी बसलेत. लाडा, मला माफ कर. तुझं नाव थोडं झिजलं तरी पुरेल. गवत एकदा गेलं की पुन्हा तसं येत नाही.

चार. राहतं घर आणि बँकेत असेल ते सगळं रेमंडला, आधीच्या मृत्युपत्रात होतं तसंच. काढून घ्यावंसं फार वाटलं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. पण मग लोक म्हणतील, म्हातारी पोरावर चिडली म्हणून बोलली. चिडलेली तर आहेच. तरी माझ्या बोलण्याने कोणाचा फायदा झालेला नाही आणि मी त्याचं काही कापलेलं नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे.

पाच. तिसरं कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. निकालाची बैठक गुरुवारी सकाळी दहाला आहे, तिथे मी ते स्वतः वाचणार. वकिलीणबाई म्हणाल्या, मी नेते. म्हटलं, मला मुलगा आहे. काल त्याला फोन केला.

“गुरुवारी मला हॉलवर सोडशील?”

“कशाला, आई?”

“बोलायला.”

पलीकडे रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “साडेनऊला येतो. कोट घाल, तिथे गार असतं.”

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

अल्बीना व्होन्द्राचेक

साक्षीदार:
अ‍ॅग्नेस कुबिचेक, शेजारीण (रडत सही केली, म्हणून अक्षर असं)
मिलो स्टेह्लिक, निवृत्त पोस्टमन

लीपा, सोमवार, १८ एप्रिल २०१६