अठ्ठेचाळीस नंबरच्या डोक्यावरून

प्रिय रॉयस,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला, तो मनावर घेऊ नकोस. खोडला असता तर कागद खराब झाला असता, आणि तुझ्यापायी मी आता कागदसुद्धा वाया घालवणार नाही. फोन करता आला असता, पण फोनवर काय होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तू आधी हसतोस, मग "डार्ला, तू उगाच मनाला लावून घेतेस" म्हणतोस, आणि थोड्या वेळाने मीच तुझी समजूत काढत बसलेली असते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढ्यासाठी पत्र.

शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यातल्या विजयाचं कौतुक अजून चालूच असेल. आमच्या पेपरातही तुझा फोटो आला आहे. पोरांनी खांद्यावर घेतलंय, टोपी उलटी, तोंडभर हसू, आणि वर मथळा, 'हार्लनचा जादूगार कोच'. जादूगार म्हणे! जादूगार निदान तिकीट काढून आलेल्यांना फसवतो. इथे कॉटन वेल्समध्ये लोक तुला ज्या नावाने ओळखतात ते मी लिहीत नाही, कारण रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते.

गॅरेटबद्दल लिहायचं आहे. हरल्याचं त्याला वाईट वाटलं, पण ते तो पचवेल. शाळेतलं शेवटचं वर्ष, शेवटचा सामना, आणि तो असा गेला, तरी त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. शुक्रवारपासून तो एकच गोष्ट विचारतोय. नाश्ता करताना, गाडीत बसताना, माझ्यामागे कपड्यांच्या घड्या करताना. "आई, बाबांना माहीत होतं का गं, की तिथे मी उभा होतो?" एवढंच. या प्रश्नाचं त्याला काय उत्तर मिळतं यावर पुढे आयुष्यभर तो तुला बाप म्हणणार की नुसताच रॉयस, हे ठरणार आहे. तुला स्वतःला त्याचं महत्त्व कळेल अशी माझी अपेक्षा नाही.

तुझे डाव मी काही आज बघत नाही. अकरा वर्षं कोचची बायको होते मी. गॅरेट नऊ वर्षांचा असताना तू त्या चिमुरड्यांच्या संघाला शिकवायचास, आठवतंय? ऐन खेळात तू बाहेरून ओरडलास, "अरे, हा चेंडू चुकीचा आहे! इकडे आण तो, बदलू!" तुझ्या संघातल्या एका पोराने चेंडू काखेत मारला आणि शांतपणे समोरच्या संघाच्या मधून चालत निघाला. ती बिचारी पोरं बाजूला झाली, त्याला वाट दिली. मोठ्या माणसाने चेंडू चुकीचा आहे म्हटलं म्हणजे असेलच, असं वाटायचं वय ते. मग तो पोरगा धावत सुटला. सगळं मैदान हसलं, आणि त्या दुसऱ्या संघातला एक मुलगा हमसून हमसून रडत त्याच्या कोचला म्हणत होता, "पण ते तर खोटं बोलले!" त्या दिवशी मीही हसले होते. नवऱ्याच्या हुशारीवर हसायचं असतं अशी तेव्हा माझी समजूत होती.

तुझ्या लाडक्या पत्रकारांना एक गोष्ट दिसत नाही, ती मला दिसते. हुलकावणी देणं या खेळात पाप नाही. उजवीकडे जातो असं दाखवून डावीकडे जाणं, देतो असं दाखवून न देणं, याला अंगात कसब लागतं आणि आमचे कोच ओर्तेगाही ते शिकवतात. पण त्यांची पोरं आधी उन्हाळाभर वाळूत घाम गाळतात, अंगावर येणाऱ्याला अडवायला शिकतात. तुझी पुढची फळी यंदा इतकी पोचट होती की आमच्या पोरांनी ती दर वेळी लोळवली. मग तुला काय सुचणार? व्यायामशाळेच्या खिडक्यांना आतून कागद चिकटवायचे आणि पोरांकडून नाटकाची तालीम करून घ्यायची. तुझा मदतनीस कोच लेलंड, त्याची बायको मार्सी सांगत होती, तू तुझ्या क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या त्या पोराला, आरशासमोर उभं करून दमल्यासारखा चेहरा करायला शिकवलास म्हणे. खांदे कसे पाडायचे, कंटाळून पंचांकडे कसं बघायचं, सगळं. सतरा वर्षांच्या पोराला कोच म्हणून हे शिकवलंस तू! आणि गाव त्याबद्दल तुला बार्बेक्यू खाऊ घालतंय.

आता शुक्रवार. गुण बरोबरीत, घड्याळात शेवटचे काही क्षण, चेंडू तुमच्याकडे आणि समोर अर्ध्याहून जास्त मैदान. अशा वेळी शहाणा कोच काय करतो ते स्टँडमध्ये चिली विकणाऱ्या बाईलाही माहीत असतं. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, एक गुडघा जमिनीला टेकतो, गुडघा टेकला की तो डाव तिथेच थांबतो, वेळ संपते आणि सामना जादा वेळेत जातो. आणि समोरचा संघ काय करतो तेही सगळ्यांना माहीत असतं. तो अंगावर जात नाही. हात खाली सोडून सरळ उभा राहतो. नियमांच्या पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही, पण गुडघा टेकणाऱ्यावर झडप घालणाऱ्या पोराला आमच्याकडे त्याची स्वतःची आजी गाडीत बसू देत नाही.

हे गॅरेटला कोणी शिकवलं, रॉयस? आपल्या मागच्या अंगणात, तो आठ वर्षांचा असताना? तू स्वतः गवतावर गुडघा टेकून बसला होतास आणि तो तुझ्यावर उडी मारायला आला तेव्हा तू त्याला दोन्ही खांद्यांना धरून थांबवलंस. "नाही राजा. समोरच्याने गुडघा टेकला की आपण उभं राहायचं. तो आपल्यावर विश्वास टाकतोय. त्याला हात लावतो तो भित्रा." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते आणि मला तू फार आवडला होतास. तेव्हा तू ते मनापासून बोलत होतास असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

तुझी पोरं गुडघा टेकायच्या रचनेत उभी राहिली. पंचांना तू तसं सांगितलं नव्हतंस, म्हणजे कायद्याने तू स्वच्छ. कायद्याने तू नेहमीच स्वच्छ असतोस. क्वार्टरबॅकने खांदे पाडले, चेंडू घेतला, वाकला. आमची पोरं उभी राहिली. दोघा-तिघांनी तर हस्तांदोलनासाठी हातही पुढे केले. आणि गवताला गुडघा लागायच्या आत तो पोरगा ताठ झाला आणि त्याने चेंडू फेकला, लांब, उजव्या अंगाला. तिथे कमरेवर हात ठेवून रेंगाळलेला तुझा तो लंबूटांग्या एव्हाना पळत सुटला होता. सगळ्यात मागे, शेवटची राखण करायला आमचा एकच पोरगा होता. हात खाली सोडून, सरळ उभा. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

गॅरेट नेहमीसारखा बावीस नंबरमध्ये नव्हता. मध्यंतरानंतर त्याचं नाक फुटलं, जर्सीवर रक्त आलं, म्हणून पंचांनी बाहेर काढून दुसरी घालायला लावली. शिल्लक होती ती अठ्ठेचाळीस नंबरची. पाठीवर नाव नाही, डोक्यावर हेल्मेट, मैदानाच्या पलीकडून कोणालाही वाटावं की हा कोणी दुसराच. म्हणून तर तो विचारतोय. त्याला कुठेतरी आशा आहे की तू त्याला ओळखलं नसशील. सामन्यानंतर हात मिळवायच्या रांगेतही तू त्याच्यापर्यंत पोचला नाहीस, तुला खांद्यावरून उतरायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, "छान खेळलास, वाघा." त्यातून त्याने काय समजायचं? पोराने तो निरोप इतक्या वेळा वाचला की शेवटी मी फोन काढून घेतला.

मला मात्र विचारायची गरज नव्हती. त्या डावाआधी मी तुझ्याकडे बघत होते. तू टोपी काढलीस, कपाळ पुसलंस आणि टोपी उलटी घातलीस. लबाडी करायच्या आधी तू हेच करतोस. लबक शहरात कोचांच्या शिबिराला तीन दिवस जाऊन येतो म्हणून निघालास तेव्हाही दारात उभा राहून टोपी उलटी केली होतीस. आठवडाभराने हार्लनमधून फोन आला, तेव्हा तुझी नोकरीही ठरलेली होती आणि घरही. तेव्हासुद्धा मी हात खाली सोडून उभी होते.

तरीही मी स्वतःला समजावलं, की नसेल ओळखलं. मग सोमवारी मार्सी दुकानात भेटली. तिने मला सरळ धान्याच्या मांडणीमागे ओढलं. "डार्ला, अगं, मला राहवत नाही. लेलंड तिथेच शेजारी उभा होता. रॉयस त्या पोराला काय म्हणाला माहितीये? म्हणे, उजवीकडे फेक, त्या अठ्ठेचाळीसच्या डोक्यावरून. तो माझा पोरगा आहे. मी वाढवलंय त्याला. तो उभा राहणारच." लेलंड घरी येऊन जेवला नाही म्हणे. एवढं तरी बरं, तुमच्याकडे एका माणसाला भूक लागली नाही.

मी वाढवलंय त्याला! तू त्याला अकरा वर्षांचा होईपर्यंत वाढवलंस, रॉयस, आणि तेवढ्यात जे एक चांगलं शिकवलंस तेच हेरून तिथून चेंडू काढलास. दुसऱ्या कोणाच्या पोराबद्दल तुला खात्री नव्हती. आमच्या अकरा पोरांतला एखादा कदाचित संशयाने मागे सरकला असता. तुझ्यावर विश्वास टाकणारा एकच होता आणि तो तुला बरोबर सापडला. मला तुझी घृणा वाटते. हा शब्द लिहायला मला जरा वेळ लागला, पण दुसरा नेमका शब्द मिळाला नाही.

पुढच्या बुधवारी गॅरेट तुझ्याकडे येतोय. थँक्सगिव्हिंगचा सण यंदा तुझ्या वाट्याला आहे, कोर्टाने तसं लिहून दिलंय. कालपर्यंत तो येणार नव्हता. आता येतोय, कारण काल त्याने पुन्हा विचारलं आणि मी उत्तर दिलं. मी म्हटलं, "नाही रे, त्यांना कुठून कळणार? बावीस नंबर बाहेर गेलेला त्यांनी पाहिला, त्यांना वाटलं तुला जास्त लागलं म्हणून बसवलं. मला स्वतः फोन करून विचारलं त्यांनी, नाक कसं आहे म्हणून. अठ्ठेचाळीस तू होतास हे ऐकून गप्पच झाले." हे सगळं मी चिमट्याने पाव उलटत, त्याच्याकडे पाठ करून सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

हे पत्र त्यासाठी आहे. तो तुला विचारेल, बहुतेक पहिल्याच रात्री, जेवण झाल्यावर भांडी विसळताना, कारण कठीण गोष्टी तो हातात काम असतानाच बोलतो. तेव्हा तू म्हणायचंस की तुला माहीत नव्हतं. बावीस नंबर बाहेर गेला, तुला वाटलं त्याला बसवलं, आईने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. यात आपल्या पदरचं काही घालू नकोस. हसू नकोस. टोपी घरात काढूनच ठेव. त्याच्या डोळ्यांत बघ आणि बोलून झाल्यावर गप्प राहा. त्या क्वार्टरबॅककडून जितकी तालीम करून घेतलीस त्याच्या निम्मी स्वतः कर, म्हणजे जमेल. माझ्या घरात मी आजवर या पोराशी खोटं बोलले नव्हते आणि तुझ्यासाठी तर मुळीच बोलले नाही. त्याला बाप हवाय, आणि माझ्याकडे त्याला द्यायला तू सोडून दुसरा कोणी नाही. हे पत्र वाचून लगेच फाडून टाक. बाकी काळजी करू नकोस. तू सांगशील ते तो खरं मानेल. अजूनही मानतो.

आता तुझी नव्हे, फक्त गॅरेटची आई,
डार्ला