बाजारचा रुमाल

दाना ओली, लष्कर. नाताळ, संध्याकाळ.

नथ काढली, तरी नाक ठणकतंय. सकाळी हेच म्हणाले, "नथ घाल, चंदेरी नेस. मेमसाहेबांना आपला पोशाख आवडतो." नेसले. साहेबाच्या बंगल्यावर नाताळची डाली, म्हणजे फळं-मेव्याची टोपली, दरवर्षीच जाते. यंदा टोपलीवर झाकायचा रुमाल मी स्वतः केला. आईच्या विरलेल्या शालूचे धड राहिलेले काठ कापून त्याला लावले, कोपऱ्यांत कोयऱ्या भरल्या. महिनाभर डोळे फोडले.

मेमसाहेबांनी फळांकडे पाहिलंसुद्धा नाही. रुमालच हातात घेतला. "किसने बनाया?" मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "बाजार से मंगवाया है, हुजूर."

बाजारातून! आईचे काठ बाजारातून?

टांग्यात विचारलं, तर म्हणे, "दरबारच्या माणसाची बायको सुईदोरा घेऊन बसते, हे कळलं तर काय शोभा राहील?" म्हणजे नथ दाखवायची आणि हात लपवायचा. आणि मी मेली तिथे हसत उभी होते. का हसले मी?

आत्ता चहा पिताना सहज म्हणावं तसं म्हणाले, "अगं, मेमसाहेबांना तसलेच आणखी सहा रुमाल हवेत, विलायतेला पाठवायला. उद्यापासून बसशील ना?"

"माझ्याकडे कशाला? बाजार उघडा आहे की," मी म्हटलं.

खो खो हसले. थट्टाच वाटली त्यांना.

आईच्या शालूचा पदर तेवढा उरलाय, आणि रुमाल हवेत सहा.